मातीचं घर, पक्कं घर

(यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या मंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याआधी वक्त्याला उभं करायचं, ही आपल्या मंडळाची युक्ती फार चांगली आहे. प्रसाद हातात पडेपर्यंत कुणी उठत नाही, आणि वक्त्याला वाटतं की आपलं भाषण रंगलं!

मी वक्ता नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केला, २००१ साली रेल्वेत लागलो, आणि तेव्हापासून रूळ, गिट्टी, पूल आणि नाल्या यांच्यातच आहे. सचिव साहेबांनी मला 'पर्यावरण' या विषयावर बोला असं सांगितलं होतं. मी म्हटलं, पर्यावरणावर सगळेच बोलतात, मी घरावर बोलतो. घर हा विषय मी एकदा चुकवलेला आहे, म्हणून त्यातलं थोडंफार कळतं.

माझ्या मागे बाप्पाची मूर्ती आहे. मातीची मूर्ती आणायची असं आपण ठरवलं, आणि शाडूच्या मूर्तीसाठी जास्तीची वर्गणीही आनंदाने दिली. शास्त्रात या पूजेला पार्थिव पूजा म्हणतात. पार्थिव म्हणजे पृथ्वीपासून, मातीपासून झालेली. देव मातीचा असला तर आपल्याला अभिमान वाटतो, पण माणसाचं घर मातीचं असलं की आपण म्हणतो, बिचाऱ्याचं घर अजून कच्चंच आहे. हा 'कच्चा' शब्द माझ्या डोक्यात बरीच वर्षं घोळतो आहे.

आमचं मूळ गाव भंडारा जिल्ह्यात, धानाच्या पट्ट्यात. तिथे आजोबांनी बांधलेलं घर होतं. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागाची मयाल, त्यावर बांबू आणि कवेलू. पुढे ओसरी, मागे वाडी. वाडीत दोडक्याचा मांडव, केळी, एक लिंबाचं झाड आणि कोपऱ्यात खाताचा खड्डा. आई दर आठवड्याला सारवायची, दिवाळीच्या आधी पांढऱ्या मातीने भिंती पोतारायची. जेठ महिन्यात बाबा छपरावर चढून कवेलू फेरायचे, आणि मी खालून एकेक कवेलू वर द्यायचो. वानरांनी किती फोडली याचा हिशोब दरवर्षी व्हायचा आणि दरवर्षी बाबा वानरांना तीच शिवी द्यायचे.

नोकरी लागली. हातात पगार आला. मी डिप्लोमावाला, सिमेंट-लोखंडाचे तक्ते पाठ. गावात पहिला स्लॅब आमच्या घरावर पडला पाहिजे, असं मनाने घेतलं. २००४ च्या उन्हाळ्यात मी आजोबांचं घर पाडलं. बाबा फार काही बोलले नाहीत. भिंत पडत नव्हती, मजुरांना कुदळीने खोदून काढावी लागली, तेव्हा एवढंच म्हणाले, "बाबू, जे पडत नाही ते काहून पाडतोस रे?" मी त्यांना कॉलम, बीम आणि भूकंप समजावून सांगितला. त्यांनी मान हलवली.

घर झालं. चार इंची विटांच्या आडभिंती, बाहेर नऊ इंच, वर साडेचार इंचांचा स्लॅब. वास्तुशांतीला पाचशे पान उठलं. पुढच्या मे महिन्यात मी सुटीवर गेलो, तर आई-बाबा गोठ्याच्या छपरीत खाटा टाकून झोपलेले. गोठा तेवढा मी पाडला नव्हता, कारण पैसे संपले होते. मी विचारलं, पंखा बिघडला का? बाबा म्हणाले, "पंखा चालते बाबू. पण तुया घरात रातभर तव्यावर निजल्यासारखं वाटते." मग बाबा २०१२ ला गेले, तोपर्यंतचे सगळे उन्हाळे त्यांनी गोठ्याच्या छपरीतच काढले. गावात सांगायचे, मला मोकळ्या हवेची सवय आहे म्हणून. मुलाच्या घराला नाव ठेवायचं नाही ना!

मी इंजिनीयर. चूक झाली म्हणजे कारण शोधायचं, ही आमची सवय. रूळ तुटला तर तुकडा तपासायला जातो. म्हणून मी या घराचंही कारण शोधलं.

कारण साधं आहे. उन्हाची उष्णता भिंतीतून किंवा छतातून आत यायला वेळ घेते. साडेचार इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी, म्हणजे आपण घरी येतो तेव्हाच, ती उष्णता खाली सोडायला लागतो. मध्यरात्रीपर्यंत सोडतच राहतो. दीड फूट मातीच्या भिंतीतून हीच उष्णता आरपार यायला साधारण दहा-बारा तास लागतात. दुपारचं ऊन आतल्या बाजूला पोचेपर्यंत पहाट होते, आणि तोपर्यंत बाहेरची हवा थंड झालेली असते. कवेलूचं छप्पर हलकं असतं, फटींतून वारा जातो, सूर्य मावळला की तासाभरात ते निवतं. त्याच्या खाली माळा असेल तर विचारूच नका. रायपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. इथे जुन्या लोकांनी भिंत जाड आणि छप्पर हलकं ठेवलं. मी नेमकं उलटं केलं, भिंत पातळ आणि छप्पर जड. परीक्षेत मात्र मला त्या विषयात चांगले गुण होते.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, मातीची घरं पावसात पडतात, भूकंपात माणसं मारतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्हींवर नीट बोलू या.

भूकंपाचं आधी सांगतो, कारण ते गणपतीशी जोडलेलं आहे. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. लातूर-उस्मानाबादकडच्या गावांत विसर्जन करून लोक रात्री उशिरा झोपले. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं झोपेतच गेली. मी तेव्हा शाळेत होतो. मंडळाच्या वर्गणीतून उरलेले पैसे आम्ही मदतनिधीला दिले होते, एवढं आठवतं. त्यानंतर सगळ्या महाराष्ट्रात एकच वाक्य पसरलं, मातीच्या घरांनी माणसं मारली.

पण तिथली घरं कशी होती? भिंती दगडांच्या, दोन-अडीच फूट जाड. आतल्या बाजूला दगडांची एक रांग, बाहेरच्या बाजूला दुसरी, आणि मधे लहान दगड आणि माती भरलेली. दोन्ही रांगांना एकत्र बांधणारा आडवा लांब दगड, ज्याला गवंडी बंधाचा दगड म्हणतो, तो बहुतेक ठिकाणी नव्हता. वर धाबं. म्हणजे लाकडावर फूट-दोन फूट मातीचा थर, दर काही वर्षांनी गळतीवर उपाय म्हणून आणखी माती टाकून वाढवलेला. जमीन हलल्यावर भिंतीच्या दोन रांगा सुटून बाहेर पडल्या आणि वरचं काही टनांचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. दोष मातीचा किती आणि न बांधलेल्या भिंतीवर जड छप्पर ठेवण्याचा किती, हे तुम्हीच ठरवा. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला, त्यात सिमेंटच्या कितीतरी नव्या इमारती बसल्या. त्याच कच्छमध्ये भुंगा नावाची गोल घरं आहेत, मातीच्या भिंती आणि वर गवताचं हलकं शंकूसारखं छप्पर. त्यांतली पुष्कळ घरं उभी राहिली. गोल भिंतीला कोपरा नसतो, आणि भिंत बहुतेक कोपऱ्यातूनच फाटते.

सरकारलाही हे माहीत आहे. मातीच्या इमारती भूकंपाला टिकाव्यात म्हणून भारतीय मानक आहे, आयएस १३८२७, १९९३ सालचं. मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबून केलेल्या ठोकळ्यांसाठी आयएस १७२५ आहे. मी ही दोन्ही मानकं डिप्लोमाच्या तीन वर्षांत कधी ऐकली नाहीत. शिकवणाऱ्यांनाही बहुधा कुणी शिकवली नसावीत.

आता पाऊस. हा माझा खरा विषय आहे. रेल्वेत नवीन आलो तेव्हा एका जुन्या साहेबांनी विचारलं होतं, रुळाला किती रोग होतात? मी सात-आठ सांगितले. ते म्हणाले, तीनच. पाणी, पाणी आणि पाणी. गिट्टीखालची माती ओली राहिली की प्रत्येक गाडीबरोबर चिखल वर येतो, आम्ही त्याला मड पंपिंग म्हणतो, आणि मग कितीही गिट्टी टाका, ती गिळली जाते. उपाय म्हणजे बाजूची नाली साफ ठेवणं. मातीच्या घराला वेगळा नियम नाही. उरकुरा ते मांढर, पुढे सिलयारीपर्यंत ट्रॉलीवरून जाताना मी छत्तीसगढची गावं पाहात आलो. आमच्या गँगमधला एक ज्येष्ठ ट्रॅकमन, वडिलांच्या हाताखाली भिंती घालायला शिकलेला, मला एकदा म्हणाला, "साहब, भिथिया ला पानी झन छुवय, बस." भिंतीला पाणी शिवू नये, बस्स. पन्नास पानांची पुस्तिका या एका वाक्यात आहे.

पाणी दोन वाटांनी शिवतं, खालून आणि बाजूने. खालून येऊ नये म्हणून जोतं दगडाचं हवं, जमिनीपासून निदान दीड-दोन फूट वर. बाजूने येऊ नये म्हणून वळचण लांब हवी, अडीच-तीन फूट, आणि आढ्याचं पाणी वळचणीला जाऊन तिथून लांब नालीत पडलं पाहिजे. पावसाचा मारा ज्या बाजूने येतो तिथे ओसरी. पूर्वी ओसरी फक्त पाहुण्यांसाठी नव्हती, ती भिंतीची छत्री होती. आजकाल जी मातीची घरं पडतात त्यांची छपरं पाहा. कवेलू फुटली, कुंभार मिळेना, वानरांचा त्रास, म्हणून टीन टाकलं, आणि टीन महाग म्हणून वळचण अर्ध्या फुटावर आणली. भिंत भिजली आणि पडली. पेपरात मात्र येतं, कच्चं मकान ढहा.

माती कुठली, हाही प्रश्न आहेच. छत्तीसगढचा शेतकरी आपली माती चार नावांनी ओळखतो, भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. कन्हार म्हणजे आपली काळी. धानाला छान, पण भिंतीला फसवी. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगा. रेल्वेच्या बंधाऱ्यालाही तिनेच सगळ्यात जास्त छळलं आहे. भिंतीसाठी पिवळी मटासी बरी. घरी पाहायचं असेल तर पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली घ्या, एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटभरात खाली बसते, तिच्यावर काही तासांत पोयटा, आणि सगळ्यात वर चिकणमाती, तिला दिवसभर लागतो. चिकण भाग पंधरा ते तीस टक्क्यांच्या मधे असेल तर माती कामाची. कमी असेल तर भिंत भुरभुरते, जास्त असेल तर तडकते, मग रेती आणि तणस मिसळायचं. इकडे तणसाला पैरा म्हणतात. शाळकरी मुलांनी हा प्रयोग जरूर करावा, विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीपेक्षा बरा दिसेल.

आपल्याला पाहण्यासारखं उदाहरण जवळच आहे. गाडीने नागपूरच्या पुढे सेवाग्राम स्टेशनवर उतरा. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा त्या खेड्याचं नाव शेगाव होतं. आज जिला बापू कुटी म्हणतात ती मुळात मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली झोपडी, मग ती वाढवत गेली. मातीच्या भिंती, बांबू, लाकूड, कवेलू. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं, चरखा आणि ॐ आहे. देशभरचे पुढारी तिथे येऊन जमिनीवर बसले. जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच नावाचे विचारवंत सेवाग्रामला परिषदेसाठी आले होते. ते बराच वेळ त्या कुटीत बसून राहिले आणि परिषदेत त्या कुटीवरच बोलले. मी मे महिन्यात भर दुपारी गेलो होतो. मी काही विचारवंत नाही, मला एवढंच जाणवलं की आत गार आहे. आणि बाबांची आठवण आली.

लॉरी बेकर हे नाव काहींनी ऐकलं असेल. बर्मिंगहॅममध्ये १९१७ साली जन्मलेले इंग्रज वास्तुशिल्पी. मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली. गांधीजींनी त्यांना सांगितलं की आदर्श घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून बांधता यावं. बेकर पुढे सगळं आयुष्य भारतात राहिले, केरळात शेकडो घरं बांधली, आणि २००७ साली तिरुवनंतपुरमला वारले. मातीवर त्यांनी स्वतःच्या हाताने चित्रं काढलेली एक छोटी पुस्तिका आहे, ती माझ्यासारख्या साइटवरच्या माणसालाही कळते. वर्ध्याला डॉ. देवेंद्रकुमारांनी १९७६ साली सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था सुरू केली. तिथे कुंभाराने चाकावर केलेले पोकळ शंकू एकात एक घालून कमान करतात आणि लाकूड न वापरता छत घालतात. कुंभाराला काम, जंगलाला आराम.

लांब जायचं नसेल तर आपल्याच राज्यात सरगुजा जिल्ह्यातलं पुहपुटरा गाव आहे. तिथल्या सोनाबाई रजवार. लग्नानंतर कित्येक वर्षं त्यांना घराबाहेर जाऊ दिलं गेलं नाही. मुलाला खेळणं नव्हतं म्हणून त्यांनी विहिरीजवळच्या मातीची बाहुली केली. मग अंगणाभोवती मातीच्या जाळ्या केल्या, ऊन अडावं आणि वारा यावा म्हणून. जाळ्यांत चिमण्या, माकडं, नाचणारी माणसं बसवली. १९८३ मध्ये भोपाळच्या भारत भवनच्या लोकांना हे घर दिसलं, मग राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यांच्या मातीच्या कामाची प्रदर्शनं अमेरिकेपर्यंत गेली. २००७ साली त्या गेल्या. ऊन अडवून वारा कसा आत घ्यायचा हे ज्या बाईला कुणी शिकवलं नाही, तिचं काम बघायला आज वास्तुशास्त्राचे विद्यार्थी जातात.

पण एक गोष्ट मला इथे बोलली पाहिजे, नाहीतर घरी गेल्यावर ऐकून घ्यावं लागेल. मी आमच्या सौ.ना मातीच्या घराचा बेत सांगितला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, "सारवणार कोण?" मला उत्तर देता आलं नाही. गावाकडच्या मातीच्या घराचं आपण कौतुक करतो, तेव्हा बापूंची कुटी, थंडावा, सुगंध असं सगळं बोलतो. त्या घराची दुरुस्ती मात्र आईच्या, आजीच्या, काकूंच्या गुडघ्यांवर चालायची. शेण आणायचं, कालवायचं, वाकून सारवायचं, पन्नास वर्षं, दर आठवड्याला. स्लॅब पडला तेव्हा आईने बाबांसारखा प्रश्न विचारला नव्हता. तिला फरशी पुसायला बरं वाटलं होतं. गोठ्यात झोपायला ती बाबांच्या सोबतीने गेली, पण फरशीवर ती खूष होती. हे मला वीस वर्षांनी कळलं, तेही सौ.नी विचारल्यावर.

म्हणून मी आराखडा बदलला. बीरगांवपासून दहा-बारा किलोमीटरवर चोवीसशे चौरस फुटांचा तुकडा घेऊन ठेवला आहे. गावाचं नाव सांगत नाही, उद्या भाव वाढतील. घर छोटंच. बारा बाय वीसची एक मोठी खोली, पुढे सहा फुटांची ओसरी, मागे आठ बाय दहाचं स्वयंपाकघर आणि न्हाणी. छपराखाली सगळं मिळून चारशे चाळीस चौरस फूट. नातेवाईक हसतात, रेल्वेचा इंजिनीयर आणि फाटकवाल्याच्या गुमटीएवढं घर? प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना २०१६ मध्ये आली, तिच्यात निदान २५ चौरस मीटरचं घर धरलं आहे, म्हणजे दोनशे सत्तर चौरस फूट जेमतेम. माझं त्याहून मोठंच आहे. मुलं शिकायला बाहेर, आम्ही दोघं आणि आई. जास्तीच्या खोल्यांत शेवटी जुनी सुटकेसच राहते.

जोतं दगडाचं, चुन्यात. भिंतीचा खालचा तीन फूट भाग चुन्याच्या गिलाव्याचा, म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि उधई दोन्हींना अडसर. जमीन कोटा फरशीची, सौ.ची पहिली अट. न्हाणीच्या भिंती फ्लाय ॲशच्या विटांच्या, तिथे मातीचा हट्ट धरण्यात शहाणपण नाही. वरच्या भिंती मातीच्या, दीड फूट जाड. दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या घराला फिरणारा लाकडी पट्टा, मानकात सांगितल्याप्रमाणे, म्हणजे कोपरे एकमेकांना धरून राहतात. छप्पर मंगलोरी कवेलूचं, कारण ती खाचेत अडकतात आणि वानरांना गावठी कवेलूइतकी सोपी जात नाहीत. खाली बांबूचा माळा, त्यावर मातीचा पातळ थर. आपल्याकडची काळी धूळ तुम्हाला माहीत आहे, तुळशीचं पान चोळलं तरी बोट काळं होतं. नुसत्या कवेलूतून ती ताटात येईल. बांबूचंही आता सोपं झालं आहे. जंगलाबाहेर लावलेला बांबू २०१७ पासून कायद्याने झाड धरला जात नाही, त्यामुळे तोडायला-न्यायला परवान्याची कटकट राहिली नाही. बांबू मात्र बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला हवा, नाहीतर भुंगा दोन वर्षांत पीठ करतो. आणि एक विनंती, मयालीसाठी जुने रूळ मिळतील का असं कुणी मला विचारू नये. आरपीएफ माझ्या दारात येईल!

कर्जासाठी एका बँकेत गेलो होतो. साहेबांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, कच्चा की पक्का? मी म्हटलं, मातीचा, पण पक्का. फॉर्मवर असा रकाना नव्हता. त्यांचीही चूक नाही, त्यांच्या हातात जो फॉर्म होता तोच ते भरणार. भविष्य निर्वाह निधीतून काढतो आहे.

वाडीचं थोडक्यात सांगतो. २०१९ च्या सुमारास आपल्या राज्यात नरवा, गरुवा, घुरवा, बारी ही घोषणा भिंतीभिंतीवर होती. सरकारं बदलतात, घोषणा पुसल्या जातात, पण नाला, जनावर, उकिरडा आणि परसबाग या चार गोष्टी एकमेकांवर चालतात हे त्याआधीही खरं होतं. खतासाठी मी नाडेप टाकी करणार आहे. अनेकांना नाडेप हा सरकारी खात्याचा शब्द वाटतो. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाची आद्याक्षरं आहेत. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेली विटांची टाकी. शेण अगदी थोडं, काडीकचरा आणि माती जास्त, तीन-चार महिन्यांत खत. न्हाणीचं पाणी केळी आणि अळूला.

आता इथे बसलेल्या बहुतेकांचा प्रश्न मला दिसतो आहे. साहेब, आमचा सहाशे फुटांचा प्लॉट, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती, पावसाळ्यात गल्लीतली नाली दारात येते, आम्ही काय करायचं? माझं स्पष्ट मत आहे, अशा ठिकाणी मातीचं घर बांधू नका. वळचणीला जागा नाही, पाणी लांब न्यायला वाट नाही, भिंत भिजणारच. तिथे विटाच हव्यात. पण नऊ इंची भिंत बांधताना गवंड्याला रॅट ट्रॅप बाँड सांगा, म्हणजे विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची. विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. बेकरांनी केरळात हीच पद्धत चालवली. ज्यांचा स्लॅब झालेला आहे त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला चुन्याचे दोन-तीन हात द्यावेत. पांढरं छत ऊन परत फेकतं. खर्च किरकोळ आहे, आणि आईच्या खोलीत पहिल्या आठवड्यात फरक कळला. हो, गावच्या त्या स्लॅबवर मी आता दरवर्षी चुना मारतो आणि वर शेवाळी जाळीचा मांडव घातला आहे. बाबा असताना हे सुचलं असतं तर बरं झालं असतं.

सिमेंटच्या विरुद्ध मी नाही. माझे पूल काँक्रीटचे आहेत आणि तसेच असायला हवेत. आपल्या शेजारी मांढरला सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना १९७० मध्ये सुरू झाला होता, पुढे तो बंद पडला, पण त्याने आपल्यातल्या काही घरांना पोसलं आहे. बलौदाबाजारकडची चुनखडी साऱ्या देशाला सिमेंट देते. फक्त एवढंच, की जगाच्या हवेत माणूस जो कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. जिथे ते लागतं तिथे वापरू, जिथे दीड फूट माती तेच काम फुकटात आणि जास्त गारव्याने करते तिथे कशाला वाया घालवायचं?

आईला मी नकाशा दाखवला. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. नकाशा तिला कळला नाही, पण ओसरी कुठे आहे ते तिने विचारलं. मग म्हणाली, मी सारवणार नाही बरं का, बसून सांगीन.

धान कापणी झाली की तणस मिळेल आणि जमीन कोरडी असेल. कार्तिक पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी भिंतीचा पहिला थर घालायचा आहे. हा थर फूट-सव्वा फुटाचा, मग तो वाळेपर्यंत थांबायचं, म्हणून काम रविवार ते रविवार चालेल. आमचे ट्रॅकमन दादा आता निवृत्त झाले आहेत, ते शिकवायला यायला तयार आहेत. माती पायांनी तुडवायची असते, तेव्हा ज्यांना यायचं असेल त्यांनी चपला घरी ठेवून यावं. मुलांना जरूर आणा. जेवणाची सोय सौ.नी घेतली आहे, किती जण येणार ते आठ दिवस आधी मंडळाच्या वहीत लिहून ठेवा.

प्रसादाची ताटं भरली असल्याचा इशारा मागून आला आहे.  गणपती बाप्पा मोरया!